सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठी चित्रफितीचे स्वरूप : निवडीचे निकष

एखादे सॉफ्टवेअर तयार करून वितरित केले, एवढ्याने ते वापरणाऱ्याच्या उपयोगी पडू लागते असे नाही. ते कसे वापरावे, याचे शिक्षणही त्याच्याबरोबर जावे लागते. आणि हे शिक्षण आज पुष्कळदा चित्रफितीच्या द्वारा दिले जाते. सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज, मॅक व अँड्रॉइड अशा भिन्न प्रणालींवर चालणारे असेल, तर त्याची चित्रफीतही त्या सर्वांवर उघडली पाहिजे. ती कोणत्या स्वरूपात द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः त्यात अनुज्ञप्ती, उपकरण आणि काल या तिहींचा विचार अंतर्भूत आहे.

आरंभी एक भेद लक्षात घेणे अवश्य आहे. एमपी४, वेबएम, ओजीव्ही ही फाइलींची नावे म्हणजे निव्वळ वेष्टने होत. त्यांच्या आत चित्र आणि ध्वनी ज्या पद्धतीने संकुचित केलेले असतात, तिला कोडेक म्हणतात. ओजीव्हीमध्ये सामान्यतः थिओरा, वेबएममध्ये व्हीपी८ किंवा व्हीपी९ आणि एमपी४मध्ये बहुधा एच.२६४ हा कोडेक असतो. वेष्टन ओळखीचे असूनही आतील कोडेक उलगडता आला नाही, तर चित्रफीत दिसत नाही. म्हणून निवड करावयाची ती दोहोंची.

या निवडीचे एक उद्बोधक उदाहरण महाराष्ट्रातच आढळते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प सुरू झाला. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, पायथन इत्यादी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या, सुमारे दहा मिनिटांच्या या चित्रफितींचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. त्या प्रकल्पाने आपल्या चित्रफिती ओजीव्ही स्वरूपात वितरित केल्या. थिओराची १.० ही आवृत्ती २००८ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्या वापरास शुल्क नव्हते आणि कोणाची परवानगीही लागत नव्हती. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या उपक्रमाशी ही निवड सर्वथा सुसंगत होती.

याउलट एच.२६४ हा २००३ साली प्रमाणित झालेला कोडेक अनेक एकस्वांनी बांधलेला. तथापि संकोचनात तो सरस ठरला आणि त्याचा उलगडा करणारी योजना मोबाइलच्या यंत्रणेतच बसवली जाऊ लागली. या दोन पक्षांत एकमत न झाल्यामुळे २०१४ साली मान्य झालेल्या एचटीएमएल५ या प्रमाणात कोणताही एक कोडेक सक्तीचा ठरवण्यात आला नाही. तत्पूर्वी, २०१० साली, गूगलने वेबएम हे मुक्त स्वरूप पुढे आणले. ते थिओराहून समर्थ होते. मात्र अॅपलच्या उपकरणांवर त्याचा स्वीकार पुष्कळ उशिरा झाला. पुढे २०२४ साली क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी थिओराचा आधार काढून घेतला. अँड्रॉइडमध्ये तो मुळातच अंगभूत नव्हता. अशा रीतीने कायद्याने सर्वांना मोकळे असलेले स्वरूप व्यवहारात बहुतेकांना बंद झाले.

याचा अर्थ नीट कळण्यासाठी चित्रफीत जेथे पोहोचावयाची त्या स्थळाचा विचार करावा. समजा, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वणी येथे एक विद्यार्थी पायथन शिकू पाहतो. एका मित्राजवळ विंडोजचा जुना संगणक आहे, दुसऱ्याजवळ लिनक्सचा; त्याच्या स्वतःजवळ केवळ मोबाइल आहे. चित्रफीत एकदा उतरवून पेनड्राइव्हने हातोहात फिरते. व्हीएलसीसारखा प्लेअर बसवल्यास थिओराही उघडतो, हे खरे. परंतु ज्याला अजून सॉफ्टवेअर बसवण्याचेच शिक्षण हवे आहे, त्याच्यावर ती पूर्वअट लादणे युक्त नव्हे. जवळ विचारावयास कोणी नसले, तर न उघडलेल्या फाइलीपाशीच त्याचे शिक्षण थांबते.

संगणकाच्या पडद्याचे चित्रण करताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. शिकणारा चित्रफीत आणि सॉफ्टवेअर शेजारी शेजारी ठेवून अभ्यास करतो. त्यामुळे अर्ध्या आकारातही अक्षरे वाचता आली पाहिजेत. हालचाल अल्प असल्याने प्रतिसेकंद चौकटी कमी ठेवल्या तरी चालते. सेकंदाला २०० किलोबिट या गतीने दहा मिनिटांची फाइल सुमारे १५ मेगाबाइटची होते. रंगाचा तपशील पूर्ण राखणारा एच.२६४चा ४:४:४ प्रकार अक्षरांना अनुकूल असला, तरी बहुतेक मोबाइलची यंत्रणा तो उलगडू शकत नाही. म्हणून ४:२:० हाच प्रकार घ्यावा आणि बारीक रंगीत अक्षरे टाळावीत. एका वेष्टनात अनेक भाषांचे ध्वनी ठेवता येतात. पण भाषा निवडण्याची सोय सर्व ब्राउझरांत सारखी नसल्यामुळे प्रत्येक भाषेची फाइल वेगळी देणे श्रेयस्कर होय.

या सर्व विवेचनावरून असे दिसते की, जतन करावयाची प्रत आणि वाटावयाची प्रत या भिन्न मानल्या पाहिजेत. मूळ चित्रण, निवेदनाची संहिता आणि प्रत्येक भाषेचा ध्वनी संकोचनाने काहीही न गमावणाऱ्या मुक्त स्वरूपात सुरक्षित ठेवावा. वाटपासाठी आजच्या परिस्थितीत एच.२६४ असलेली एमपी४ द्यावी आणि जोडीला वेबएमची प्रत ठेवावी. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेला एव्ही१ हा मुक्त कोडेक साध्या मोबाइलपर्यंत पोहोचला, की त्याच मूळ प्रतीवरून नवी प्रत काढता येईल. ज्याने केवळ संकुचित प्रत राखली, त्याला मात्र प्रत्येक रूपांतरात गुणवत्तेची हानी सोसावी लागेल. स्वरूपाची मुक्तता आणि स्वरूपाची उपलब्धता ही दोन भिन्न मूल्ये आहेत. पहिले जतनाच्या प्रतीत सांभाळावे आणि दुसरे वाटपाच्या प्रतीत, हाच या प्रश्नाचा व्यवहार्य निर्णय होय.