कपाच्या काठावरचे सोने

पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपबश्यांच्या काठावर सोनेरी रेघ असते. ती कशाची, असे वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले 'रंगाची' म्हणतील. चांगल्या प्रतीच्या कपावर मात्र ते खरेच सोने असते. फक्त त्याचा थर केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो.

एटापल्लीच्या तांबड्या मातीचा असा पांढरा कप होत नाही. सुरजागडच्या डोंगराला मोल आणणारे लोहच इथे नडते. मातीत ते थोडेसे असले, तरी भाजल्यावर भांडे पिवळट किंवा लाल होते. म्हणून चिनीमातीच्या भांड्यांसाठी जवळजवळ लोहविरहित केओलिन, फेल्स्पार आणि गारगोटीची पूड घेतात व सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजतात.

झिलई देऊन भाजलेल्या या भांड्यावर लस्टर चढवतात. सोने, बिस्मथ, लोह अशा धातूंची संयुगे राळ व तेलात मिसळलेली असतात. हा तपकिरी द्रव कुंचल्याने पातळ लावून भांडे पुन्हा सुमारे ७०० ते ८०० अंशांना भाजतात. तेल जळून जाते (त्याचा धूर वाईट, खिडक्या उघड्याच हव्यात), झिलई किंचित मऊ होते आणि धातूचा किंवा त्याच्या ऑक्साइडचा पापुद्रा तिला चिकटतो. सोन्याचा सोनेरी दिसतो. बिस्मथचा रंगहीन पापुद्रा मात्र मोत्यासारखी झाक देतो, कारण त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते. साबणाच्या फुग्यावर दिसते तेच हे.

पापुद्रा इतका पातळ, की खालचा पोत तो लपवू शकत नाही. ओल्या मातीच्या पोळीवर सागाचे पान उपडे दाबले, तर शिरांचे जाळे उमटते. झिलई उंचवट्यांवर विरळ होते, खळग्यांत साचते. वर लस्टर दिले, की गुळगुळीत जागी आरसा आणि बिनझिलईच्या जागी मंद, धुरकट चमक! साधे पोताचे काम नक्षीकामापेक्षा अनेकदा अधिक शोभते, असे मला वाटते. बोटाचा तेलकट ठसा मात्र पुसूनच घ्यावा, नाहीतर तोही भाजून कायमचा राहतो.

नवव्या शतकात इराकमधील कारागीर चांदी-तांब्याची संयुगे झिलईवर लावून धुराच्या भट्टीत भाजत. कोंडलेला धूर ऑक्सिजन काढून घेई आणि धातूचे अतिसूक्ष्म कण झिलईतच तयार होत. हे क्षपण आपल्या ओळखीचे आहे: भट्टीची तोंडे बुजवली, की लाल होणारी मडकी काळी निघतात.

जिल्ह्याबाहेर जाणे जमले, तर मातीकामासाठी कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी भद्रावतीला उभारलेल्या ग्रामोदय संघाची ओळख मुलांना जरूर करून द्यावी. भट्टीविना शाळेत करण्याजोगा प्रयोगही आहे. परातीतल्या पाण्यात काळा कागद बुडवून ठेवा. पाण्यावर रंगहीन नेलपॉलिशचा एकच थेंब सोडा. तो पसरला, की कागद तिरका उचलून वाळवा. काळ्यावर हिरवे-जांभळे पट्टे दिसतील. पट्टा कुठे बदलतो ते मुलांना पाहू द्या: तिथे पापुद्र्याची जाडी बदललेली असते.