‘ध’चा ‘मा’ : एका पाठभेदाचे चिरंजीवित्व

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पुण्याच्या शनिवारवाड्यात झाला. त्यांना अठरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते आणि गादीवर येऊन वर्षही उलटले नव्हते. मारेकरी कोण, हा प्रश्न त्या दिवशीही नव्हता आणि आजही नाही. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ हे गारद्यांचे नायक आणि त्यांना सामील झालेला तुळाजी पवार ही नावे सर्वश्रुत आहेत. उकल झालेली नाही ती निराळ्याच प्रश्नाची. त्याच वाड्यात नजरकैदेत असलेल्या रघुनाथरावांचा, म्हणजे राघोबादादांचा, कट पुतण्याला धरण्याचा होता की मारण्याचा?

या प्रश्नाचे परंपरेने दिलेले उत्तर एका पाठभेदावर उभे आहे. दादांच्या आज्ञापत्रात ‘धरावे’ असे होते. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले, अशी ती कथा. मराठी न जाणणाऱ्याला ती सांगणे अवघड आहे, कारण दुसऱ्या भाषेत क्रियापदे मिळाली तरी त्यांच्यातील एका अक्षराचे अंतर मिळत नाही. म्हणूनच १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध करताना ग्रँट डफला दोन्ही मराठी शब्द जसेच्या तसे ठेवून अर्थ सांगावा लागला. हा बदल आनंदीबाईंनी केला, असे जे तो लिहितो ते सार्वत्रिक समजुतीच्या हवाल्याने, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

पाठचिकित्सेचा साधा नियम असा की, खाडाखोड सिद्ध करावयाची तर हस्तलिखित समोर हवे. येथे ते मूळ पत्र आपल्यापुढे नाही. आहे ती त्याविषयीची वार्ता. शिवाय ‘ध’चा ‘मा’ होण्यास अक्षर बदलून वर काना जोडावा लागतो, म्हणजे हा लेखनिकाचा हस्तदोष नव्हे. हेतुपुरस्सर केलेलाच बदल असावा लागतो. हेतू आला की कर्ता शोधावा लागतो, आणि लोकमानसाने तो दादांच्या अंतःपुरात शोधला.

याच परंपरेचा दुसरा अर्धा भाग रामशास्त्री प्रभुणे यांचा आहे. चौकशीअंती त्यांनी दादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे ती सांगते. आता हे दोन अर्ध एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. अपराध केवळ अक्षर बदलणाऱ्या हाताचा असता, तर शास्त्रीबोवांचा निर्णय दादांच्या शिरावर का यावा? सशस्त्र माणसे वाड्यात घुसवणाऱ्याला परिणामाची जबाबदारी एका शब्दाआड लपवता येत नाही, हाच त्या निर्णयाचा आशय होय. तरीही बोलीत वाक्प्रचार होऊन रुजला तो ‘ध’चा ‘मा’. निर्णयाचा वाक्प्रचार झाला नाही.

असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण आपल्या भाषेतच आहे. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, त्या मोहिमेचे नेते हेच राघोबादादा. ‘अटकेपार झेंडे लावणे’ आणि ‘ध’चा ‘मा’ करणे हे दोन्ही वाक्प्रचार एकाच घरातून आले आहेत. पहिल्याचा नायक शाबूत राखावयाचा, तर दुसऱ्याचा कलंक अन्य कोणावर तरी जाणे आवश्यक होते. पाठभेदाने ही सोय केली. त्याने वीराला दुर्बल ठरवले, पण खुनी ठरू दिले नाही. आणि एका स्त्रीवर, तिची बाजू न ऐकता, सारा दोष टाकला.

साहित्याने या कथेला पुनःपुन्हा हात घातला, तो रहस्यापेक्षा नीतिप्रश्नासाठी. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली आले, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. सत्तेपुढे न नमणारा न्यायाधीश प्रेक्षकाला केवळ अठराव्या शतकातला वाटला नसावा. १९४४ साली ‘प्रभात’नेही आपल्या चित्रपटासाठी ‘रामशास्त्री’ हेच नाव निवडले. कलावंतांनी न्यायाधीश उचलला, लोकांनी अक्षर उचलले.

शनिवारवाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. ‘काका, मला वाचवा’ ही हाक मात्र तेथे अजून ऐकू येते, असे सांगणारे भेटतात. त्या हाकेकडे समीक्षकाने भाबडेपणा म्हणून पाहू नये. तीत ना ‘ध’ आहे, ना ‘मा’. ज्याच्याकडे रक्षणाचा अधिकार, त्यालाच ती उद्देशून आहे. आज्ञापत्राच्या पाठाविषयी आपण अडीचशे वर्षे वाद घालीत आलो. लोककथेने मात्र, स्वतःच्याही नकळत, रामशास्त्र्यांचाच निर्णय त्या हाकेत जपून ठेवला आहे.