मान्सूनच्या पाठोपाठ, पण श्रीनगरहून

‘काश्मीर ते कन्याकुमारी’ हे शब्द भाषणांत आणि जाहिरातींत इतके घासले गेलेत, की त्या दोन टोकांना जोडणारा एक खराखुरा डांबरी रस्ता आहे याचा विसरच पडतो. राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगर, जम्मू, जालंधर, दिल्ली, आग्रा, झाशी, नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू, मदुराई करत कन्याकुमारीला टेकणारा, सुमारे ३,७४५ किलोमीटरचा, देशातला सर्वांत लांब महामार्ग. तो एकदा सलग गाडीने करायचाच असं मनात घेतलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता महिना चांगला?

असा एक महिना नाही. हा रस्ता जवळजवळ सरळ दक्षिणोत्तर जातो. रेखांश जेमतेम चार-पाच अंशांनी हलतो, अक्षांश मात्र ८ पासून ३४ पर्यंत. त्यामुळे एकाच तारखेला त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर वेगवेगळे ऋतू चालू असतात. महिना शोधण्यापेक्षा ऋतू कुठून कुठे सरकतोय ते पाहावं आणि त्याच दिशेने गाडी काढावी, हे बरं.

मे महिन्याबद्दल विदर्भातल्या वाचकांना काही सांगायला नको. जुलै-ऑगस्टही सोडून देऊ. डिसेंबर-जानेवारी मात्र अनेकांना मोहात पाडतो, कारण मुंबई-पुण्यात तेव्हा हवा झकास असते. त्याच दिवसांत पंजाब-हरियाणात धुकं बसलेलं असतं. एखादा पश्चिमी विक्षोभ पाऊस शिंपडून जातो, मागोमाग आकाश निरभ्र होतं. लांबलचक रात्रीत जमीन आपली उष्णता भराभर गमावते, तिच्या लगतची हवा गार पडते आणि वर त्यापेक्षा उबदार हवेचं झाकण बसतं. वारा पडलेला, गव्हाला पाणी दिलेलं, हवेत धुराचे कण. बाष्प त्या कणांवर निवून थेंब होतं आणि सकाळी दहापर्यंत हलत नाही.

हवामान खात्याच्या भाषेत दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली की ते ‘अतिदाट धुकं’. आता हिशेब करा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पुढचा ट्रक दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ च्या आसपास. बेरीज सत्तरच्या घरात आणि दिसतंय पन्नास. पानिपत-कर्नालच्या पट्ट्यात एकामागून एक गाड्या आदळल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यामागे हीच बेरीज असते.

मग मार्च? दक्षिणेतून फेब्रुवारीअखेर निघायचं, उन्हाच्या पुढे पुढे सरकत उत्तर गाठायची आणि श्रीनगरची ट्युलिप बाग उघडताना तिथे हजर व्हायचं. कागदावर बेत सुरेख आहे. फक्त श्रीनगरचा सर्वांत पावसाळी महिना जुलै नव्हे, मार्च आहे. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणारे विक्षोभ तेव्हाही जोरात असतात, त्यात वितळणारं बर्फ. चेनानी-नाशरी (२०१७) आणि बनिहाल-काझीगुंड (२०२१) या बोगद्यांनी बर्फाचे घाट टाळले हे खरं, पण दोन्हींच्या मधला रामबनचा भुसभुशीत डोंगर तिथेच आहे. पाणी मुरलं की तो दगड सोडतो, महामार्ग बंद होतो आणि ट्रकांच्या रांगेत तुम्हीही.

म्हणून माझं मत ऑक्टोबरला, आणि तेही श्रीनगरहून खाली येण्याला. कारण मान्सूनही तसाच माघारी जातो. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार पश्चिम राजस्थानातून माघार १७ सप्टेंबरला सुरू होते, दिल्लीतून २५ ला आणि १५ ऑक्टोबरपर्यंत नैऋत्य मान्सून देशातून गेलेला असतो. सलग पाच दिवस पाऊस नाही, जमिनीपासून दीड किलोमीटरवर वारे घड्याळाच्या दिशेने फिरू लागलेत आणि हवेतलं बाष्प घटलंय, एवढं जुळलं की वायव्य भारतातून माघार जाहीर होते. या माघारीला चार आठवडे लागतात, गाडीला आरामात दोन. म्हणजे माघारीला थोडी आघाडी देऊन ३० सप्टेंबरच्या सुमारास श्रीनगर सोडलं, की बहुतेक वाट मोकळ्या आकाशाखाली होते. पंजाबात भाताचं काड जाळण्याचा जोर त्यानंतर वाढतो, तोही धूर चुकतो.

विदर्भात पोहोचाल तेव्हा हस्त नक्षत्र चालू असेल. सकाळ लख्ख, दुपारी ऊन चटचटतं, ओल्या जमिनीची वाफ वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाटासह हत्ती बरसतो. पहाटे निघावं, तीनला मुक्काम गाठावा. हिंगणघाट-वडकीच्या बाजूला सोयाबीन काढणीला आलेलं असतं. कडेच्या डांबरावर कुणी शेंगा वाळत घातल्या असतील तर चाक जपून.

चाकावरून आठवलं. श्रीनगरला सकाळी ८ अंशांत टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरली आणि नागपुरात ३४ अंशांत सावलीत थंड टायर मोजला, तर तापमानामुळे दाब चारेक पीएसआयने वाढायला हवा. गेजवर वाढ दिसते दोनाचीच. श्रीनगर दीड हजार मीटरहून उंच, तिथे बाहेरची हवा विरळ. गेज टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो आणि नागपुरात बाहेरचा दाबच दोन पीएसआयने जास्त असतो. ढाब्यावर लोखंडी दांडकं आपटून आवाजावरून टायर जोखणाऱ्या ट्रकवाल्याला यातलं काही लागत नाही, पण आपल्याला तो कान नाही.

हैदराबादच्या पुढे बंगालच्या उपसागरावर लक्ष हवं. १३ ऑक्टोबर २०२० ला तिकडून आलेल्या तीव्र कमी दाबाच्या क्षेत्राने हैदराबाद बुडवलं होतं. तमिळनाडूत २० ऑक्टोबरच्या आसपास ईशान्य मान्सून उतरतो, वर्षाचा निम्म्याच्या जवळपास पाऊस त्यांना तोच देतो. तेव्हा कन्याकुमारी त्याआधी गाठायची. सरासरी ती सरासरीच, हेही ध्यानात असू द्या: २०१९ मध्ये माघार सुरूच ९ ऑक्टोबरला झाली, नोंदींतली सर्वांत उशिराची, आणि मग १६ ला संपलीसुद्धा. निघण्याआधी पंधरा दिवस खात्याचा माघारीच्या रेषेचा नकाशा रोज पाहायचा आणि रजेत चार दिवस मागेपुढे करण्याची सोय ठेवायची.

राहिला प्रश्न गाडी श्रीनगरला नेण्याचा. पुण्या-मुंबईहून २२-२३ सप्टेंबरला निघून मध्य प्रदेशातून वर जाऊ नका, तिथे पाऊस अजून असतो. गुजरातमार्गे उदयपूर, अजमेर धरा. मान्सून पहिल्यांदा तिकडूनच हटतो.