स्कूबाचं सामान सांभाळायला शिकताना



पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी सुरू होते. पाठीला हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली जायचं, मासे आणि प्रवाळ बघायचे, यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. बोटी परत आल्या की खाऱ्या पाण्याने भिजलेलं सामान धुवायचं असतं. आमच्या गटातल्या काही जणी हे काम रोजावर करायच्या. गेल्या हंगामाआधी दोघींनी या सामानाच्या देखभालीचा कोर्स केला. त्यांच्याकडून आम्ही बाकीच्या जे शिकलो, ते आज सांगतो.

सुरुवातीला आमची एक काकी म्हणाली, "आमका पवाक येता, पण ह्या मशिनीतला आमका काय कळता?" पण यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या स्वयंपाकघरातल्याच निघाल्या.

आधी सिलिंडर. त्यात ऑक्सिजन असतो असं आपण समजतो. पर्यटकांच्या डायव्हिंगला साधारणपणे त्यात आपली नेहमीचीच हवा असते, गाळून, दाबून भरलेली. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार असतो, म्हणजे हा शंभरपट झाला. म्हणून सिलिंडर उन्हात ठेवायचा नाही, आधाराशिवाय उभा सोडायचा नाही. तो पूर्ण रिकामाही करायचा नाही, कारण मग आत ओल शिरते आणि आतून गंज धरतो. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या तोंडाशी जनरेटरचा किंवा बोटीचा धूर येता कामा नये. तो विषारी धूर सिलिंडरमधून थेट माणसाच्या छातीत जातो.

मग रेग्युलेटर. आपल्या गॅसलाही तो असतो आणि कामही तसंच, जास्त दाब कमी करून देणं. स्कूबामध्ये हे दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा सिलिंडरवर बसतो, दुसरा तोंडात धरतात. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे १ बारने वाढतो, आणि रेग्युलेटर त्या-त्या खोलीच्या दाबाने श्वास देतो.

जोडाजोडात रबराच्या बारीक रिंगा असतात. कुकरची रिंग चिरली की शिटी होत नाही, वाफ बाजूने जाते. इथे हवा जाते. समुद्राचं पाणी सुकलं की मिठाचे खडे राहतात, ते रिंगेला कापतात आणि धातूला खातात. म्हणून सामान सुकायच्या आत गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. त्याआधी पहिल्या टप्प्याचं झाकण पुसून, कोरडं करून घट्ट लावायचं. तोंडातल्या भागावर एक बटण असतं. सिलिंडरपासून सोडवलेला रेग्युलेटर पाण्यात असताना ते दाबायचं नाही, नाहीतर पाणी नळीतून आत चढतं. आम्ही आधी मीठ निघावं म्हणून तेच बटण दाबून-दाबून धूत होतो! हवेच्या जॅकेटमध्येही गोडं पाणी घालून, हलवून, ओतून टाकायचं. मग अर्धवट फुगवून सावलीत टांगायचं. तोंडात धरायचा रबरी भाग प्रत्येक माणसानंतर जंतुनाशकाने धुवायचा आणि दातांनी फाटलाय का ते बघायचं.

कोकणात काही अडलं की आपण खोबरेल लावतो. इथे खोबरेल, मशीनचं तेल, साधं ग्रीस, काहीच चालत नाही. रबर खराब होतं, आणि जास्त दाबाच्या हवेत तेल पेटण्याचाही धोका असतो.

आता कोर्सविषयी. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेचाही सामानाविषयीचा कोर्स असतो. असल्या कोर्समध्ये ओळख, निगा, साठवण आणि किरकोळ दुरुस्ती शिकवतात. पण त्याने रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी त्या-त्या कंपनीचं वेगळं प्रशिक्षण, हत्यारं आणि सुटे भाग लागतात. गटाच्या कर्जातून फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोणाचं? त्याने नेमकं कोणतं काम करता येईल? आधी डायव्हिंगचं प्रमाणपत्र लागतं का? आणि हाताने काम करायला देणार की फक्त दाखवणार? नुसत्या छापील कागदासाठी व्याज भरू नका.

मग आमच्या दोघींना काय मिळालं? एक प्रसंग सांगतो. ऐन गर्दीच्या दिवशी एका रेग्युलेटरमधून बारीक हवा सुटत होती. पाण्याच्या टबात धरला तर बुडबुडे दिसले. पर्यटक बोटीत बसलेले, मालक घाईत. "एवढ्याने काय होतंय, द्या," म्हणाले. पूर्वी आम्ही पुसून दिला असता. त्या दिवशी दोघींनी त्याला लाल चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "दादा, हा आज पाण्यात जाणार नाही." मालक चिडले. दोन दिवस दोघींना कामावर बोलावलं नाही, रोज बुडाला. तिसऱ्या दिवशी निरोप आला. रेग्युलेटर दुरुस्तीला पाठवला होता, आतली रिंग कापलेली निघाली.

आता तिथे वही आहे. सामानाचा नंबर, तारीख, काय दिसलं, कोणी बघितलं, खाली सही. सिलिंडरवर कोरलेली दाबचाचणीची तारीखही त्यात उतरवतो. लाल चिंधी बांधलेलं सामान मालकही उचलत नाहीत. रोज थोडा वाढला, फार नाही. पण धुणारी बाई आता तपासणारी झाली.

तुमच्या गावात समुद्र नसेल. फवारणीचा पंप असेल, पिठाची गिरणी असेल. ते यंत्र नीट ओळखा, आणि आपला हात कुठे थांबवायचा तेही शिकून घ्या.