जांभूळ बांधाबांधावर, मग ‘ताकाकिया’च दुर्मिळ का?

पावसाळा लागला की विहिरीच्या कठड्यावर, कौलांवर, झाडांच्या खोडांवर हिरवी मऊ गादी दिसते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो. पण तळ्यातलं शेवाळ वेगळं आणि ही गादी वेगळी. हिला मॉस म्हणतात. बारीक देठ आणि पानं असलेली ही छोटी वनस्पतीच आहे.

‘ताकाकिया’ हे असंच एक दुर्मिळ मॉस. उंची जेमतेम बोटाच्या पेराएवढी. जगात त्याच्या दोनच जाती आहेत. तिबेटच्या पठारावर ते ४ हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर वाढतं आणि वर्षातले सुमारे आठ महिने बर्फाखाली असतं. त्याचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा, म्हणजे डायनासोरच्याही आधीचा आहे.

आता आपलं जांभूळ बघा. मुळं खोल जातात, त्यामुळे उन्हाळ्यातही झाड हिरवं राहतं. फुलांवर मधमाश्या येतात. फळं पाखरं, वानरं खातात आणि बी लांब टाकतात. म्हणून कुणी न लावताही ओढ्याकाठी जांभूळ उगवतं.

मॉसला खरी मुळं नाहीत, फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पाणी ते अंगानेच शोषतं. त्याचं फलन व्हायलाही पाण्याचा थर लागतो. त्यात ताकाकियाला थंडीची सवय. हवा तापली तर ते आणखी वर सरकणार तरी कुठे? ‘सेल’ या विज्ञान नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, तिबेटमध्ये तापमान वाढतंय तसं ताकाकिया कमी होत चाललं आहे.

जांभळाला बाजार आहे. पालघरच्या बहाडोली जांभळाला तर जीआय मानांकनही मिळालं. मॉसला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते संपलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

मात्र जांभूळ भरपूर आहे म्हणून बिनधास्त तोडणंही बरं नाही. जुनं झाड पडलं की सावली जाते, ओल जाते आणि खोडावरचं मॉसही जातं. तसंच नवीन झाड लावायचं तर बी ताजंच लावावं. जांभळाचं बी वाळलं की उगवत नाही. यंदा जांभळं खाल्ली की बिया फेकू नका, आठवडाभरात बांधावर टोचून द्या.