बालस्थौल्य : चिकित्सा मुलाची नव्हे, घराची

सायंकाळच्या ओ.पी.डी.त अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुढे करून माता म्हणते, "डॉक्टर, ह्याचं वजन उतरेल असं काहीतरी द्या." मूल खाली मान घालून उभे असते. विश्रामबागेतील औषधी दुकानाच्या गल्ल्यावर हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत येतो : "मेदावरचं काही आहे का, लहान मुलाला चालेल असं?" दोन्ही ठिकाणी मागणी औषधाची असते, आणि दोन्ही ठिकाणी ज्याला औषध हवे ते घर मात्र प्रश्नातून वगळलेले असते.

मोबाईल ॲपच्या साहाय्याने बालस्थौल्याचा प्रतिबंध करता येईल काय, हा विषय आता आपल्याही परिषदांतून चर्चिला जातो. प्रस्तुत लेखात आम्हास एवढेच मांडावयाचे आहे की, साधन उपयुक्त आहे. परंतु ते मुलाच्या हाती देऊ नये. ते पालकांच्या हाती असावे, त्यातील नोंदी संपूर्ण घराच्या असाव्यात आणि त्या नोंदींचा अर्थ वैद्याने लावावा.

ग्रंथोक्त निदान आणि आजचे घर

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या, म्हणजे अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थौल्याची कारणे सांगितली आहेत. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वप्न, हर्षनित्यत्व, अचिंतन आणि बीजस्वभाव ही त्यांपैकी प्रमुख होत. ही यादी बालकाच्या संदर्भात वाचून पाहावी. यांपैकी कोणते कारण मुलाने स्वतः निवडलेले असते? घरात खारी, टोस्ट, शीतपेयांच्या बाटल्या कोण आणते? मूल जेवत नाही म्हणून ताटासमोर मोबाईल कोण ठेवते? रात्री अकरापर्यंत दूरचित्रवाणी कोणासाठी चालू असते? बीज तर मातापित्यांचेच. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानली, तर बालस्थौल्यात ती पायरी स्वयंपाकघरात आणि बैठकीच्या खोलीत आहे.

या अध्यायाचे नावही विचार करावयास लावणारे आहे. समाज ज्यांची निंदा करतो अशा आठ देहप्रकारांत स्थूल मनुष्याची गणना आहे. शाळेच्या मैदानावर ही निंदा आजही चालू आहे. वैद्याच्या खोलीत अथवा मोबाईलच्या पडद्यावर तरी तिची पुनरावृत्ती होता कामा नये.

समस्या लहान नाही, आणि सोपीही नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. त्याच सर्वेक्षणात सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. म्हणजे कार्श्य आणि स्थौल्य एकाच राज्यात शेजारी-शेजारी नांदत आहेत.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत येथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकाचे सुमारे ३.५ किलो होते. वजनात एवढी तूट असूनही आपल्या बालकांच्या शरीरातील मेद त्या मानाने टिकून होता. उणीव प्रामुख्याने मांसाची होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेदाधिक्य असू शकते, हा त्यातील बोध. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वृद्धितक्त्यांत देहभारांकाच्या मर्यादा प्रौढ वयातील २३ आणि २७ या अंकांशी जोडून, म्हणजे पाश्चात्य मर्यादांपेक्षा खाली ठेवल्या आहेत. केवळ नजरेने "बाळसे आहे, उतरेल" असे म्हणणे आता पुरेसे नाही.

मार्च २०२१ पासून अंगणवाड्यांतील बालकांची उंची व वजन 'पोषण ट्रॅकर' या ॲपवर नोंदले जाऊ लागले. परंतु सहा वर्षे पूर्ण झाली की मूल या नोंदीतून बाहेर पडते. नेमके त्याच वयात शाळेचा डबा, शिकवणीचे वर्ग आणि बैठी करमणूक सुरू होते. ही पोकळी भरून काढणे कुटुंबाच्या वैद्यास शक्य आहे.

ॲप कोणाच्या हाती?

या बाबतीत परदेशातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या व्यवसायातील एका मोठ्या कंपनीने २०१९ मध्ये आठ ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी 'कर्बो' नावाचे ॲप आणले. मुलाने स्वतःचे खाणे नोंदवावे आणि पदार्थाला लाल, पिवळा अथवा हिरवा रंग मिळावा, अशी त्याची रचना होती. यातून मुलांत आहाराविषयी भीती व स्वतःच्या देहाविषयी लाज निर्माण होईल, अशी टीका झाली. पुढे २०२२ मध्ये, तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून, तेथील व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीस १५ लाख डॉलर दंड भरावा लागला आणि ती माहिती नष्ट करावी लागली.

याउलट स्वीडनमध्ये 'मिनीस्टॉप' हे ॲप पालकांसाठी तयार करण्यात आले. अडीच ते तीन वर्षांच्या मुलांच्या ५५२ कुटुंबांचा त्यात अभ्यास झाला. बालआरोग्य केंद्रातील परिचारिका ते पालकांना देत आणि मुलाच्या आहार-विहाराची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचे. स्थलांतरित कुटुंबांसाठी ते सोमाली आणि अरबी भाषांतही होते. सहा महिन्यांनंतर मुलांच्या देहभारांकात फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु गोड व खारे अरबटचरबट खाणे, गोड पेये आणि पडद्यासमोरील वेळ ही तिन्ही कमी झाली. पडद्याचा वेळ दिवसाला सुमारे सात मिनिटांनी घटला. 'आपण हे करू शकतो' हा पालकांचा विश्वासही वाढला. फळ लहान आहे. पण ते निदानाच्याच जागी आले आहे.

मातापित्यांना बरोबर घेतल्याने काय घडते, याचा दीर्घकालीन पुरावा त्याहून जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टीन यांनी १९९० मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या गटात मूल आणि पालक या दोघांच्याही सवयींवर काम झाले, तेथे मुलांच्या अतिरिक्त वजनाचे प्रमाण दहा वर्षांनंतरही मूळ प्रमाणापेक्षा ७.५ टक्क्यांनी कमी होते. ज्या गटात असे विशिष्ट उद्दिष्ट नव्हते, तेथे ते १४.३ टक्क्यांनी वाढले होते.

आपल्याच जिल्ह्यातील भोंगा

यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास या गावाने ठरविले की, सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की घराघरांतील मोबाईल आणि दूरचित्रवाणी संच बंद व्हावेत आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत बंदच राहावेत. हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता, वजनाचा नव्हे. परंतु त्यातील तत्त्व आम्हास महत्त्वाचे वाटते : भोंगा केवळ मुलांसाठी वाजत नाही. बापाचा मोबाईलही त्याच क्षणी खाली ठेवला जातो. नियम सर्वांना एक असल्याने मुलास तो शिक्षा वाटत नाही. आपण सुचवू ते कोणतेही ॲप या भोंग्यासारखे असावे.

वैद्याने काय करावे?

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या 'देश का प्रकृती परीक्षण' अभियानात आपल्यापैकी अनेकांनी ॲपचा वापर केला आहे. त्या अभियानात सव्वा कोटीहून अधिक नागरिकांचे प्रकृतिपरीक्षण झाले. ॲप असले तरी प्रश्न विचारणारा समोर बसलेला होता, हा अनुभव येथेही उपयोगी आहे. स्वतंत्र ॲप नसले तरी अडत नाही. मोबाईलवरील साधा संदेशही पुरतो. पालकांनी दर रविवारी पुढील पाच नोंदी पाठवाव्यात :

१. या आठवड्यात घरात गोड पेये व बेकरीचे पदार्थ किती वेळा आले?
२. सर्वांनी एकत्र बसून, पडदा बंद ठेवून किती जेवणे झाली?
३. मूल मैदानावर किती दिवस व किती वेळ खेळले? (पाच वर्षांवरील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला सरासरी ६० मिनिटांची आहे.)
४. घरातील दिवे रात्री किती वाजता मालवले?
५. भाकरी, मूग, कुळीथ, ताक, भाज्या यांचा समावेश किती जेवणांत होता?

यात वजनाचा प्रश्न नाही, हे लक्षात घ्यावे. घरी रोज वजन करण्याची सवय लावू नये. उंची आणि वजन तीन महिन्यांनी आपण स्वतः मोजून वृद्धितक्त्यावर मांडावे. वाढत्या वयात बहुतेक मुलांचे वजन उतरविण्याची गरज नसते. ते स्थिर राहिले आणि उंची वाढत गेली तरी कार्य साधते. बालकांत तीक्ष्ण शोधन, कडक लंघन यांचा मोह टाळावा.

काही लक्षणांत मात्र विलंब करू नये. वजन वाढत असून उंची खुंटली असेल, मानेवर काळसर मखमली त्वचा दिसत असेल, झोपेत घोरणे अथवा श्वास अडखळणे असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे अवश्य पाठवावे.

नोंदींची गोपनीयता ही आपली जबाबदारी आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीस विशेष महत्त्व दिले आहे. मुलाचे 'आधी आणि नंतर' असे छायाचित्र व्यावसायिकांच्या गटावर पाठविणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

१९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे. 'वजन हमखास घटवा' असा फलक लावणे म्हणूनच केवळ अनुचित नव्हे, तर बेकायदेशीर आहे. मुलासाठी मेदोहर औषध मागणाऱ्या पालकास ते न देता वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशी एक विक्री कमी होईल हे खरे. परंतु याच दुकानात वजनकाटा आणि उंची मोजण्याची पट्टी ठेवता येते, ज्वारी-जवाचे पीठ ठेवता येते, आणि वर दिलेल्या पाच नोंदींचा कागद गल्ल्यावर ठेवता येतो. अशा दुकानावर कुटुंबाचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

आरंभी वर्णिलेल्या मुलाकडे पुन्हा वळू या. त्याच्या मातेस आपण चूर्णाची पुडी दिली, तर दोष त्याचा आहे असे त्यास कळेल. त्याऐवजी, "या रविवारपासून तुम्ही सर्वांनी मिळून हे करावयाचे आहे," असे आपण सांगितले, तर ते मूल मान वर करील. आमच्या मते चिकित्सेचा आरंभ तेथूनच होतो.