रविवारची रिकामी खोली

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मालवण-तारकर्लीत न्याहारी-निवासाच्या पाट्या वाढत गेल्या. तेव्हापासून हंगाम कसा गेला याचं उत्तर ‘किती माणसं आली’ एवढ्यावरच दिलं जातं. माझ्या मते प्रश्नच चुकतो. गावात पैसा किती राहिला, हे ठरतं माणसं किती रात्री राहिली यावर.

शुक्रवारी रात्री मुंबईहून कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, तासाभरात मालवण. शनिवारी होडीने सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, सुरमईची थाळी. रविवारी दुपारी परतीची गाडी, नाहीतर गोवा. म्हणजे खोलीचं भाडं एका रात्रीचं. जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, किल्ल्याची होडीही पावसाळ्यात थांबते. हे ९८ दिवस वजा केले तर धंद्याचे आठवडे उरतात ३८. समजा, देवबागेत एखाद्याच्या चार खोल्या आहेत आणि आठवड्याला दोन रात्री भरतात: हंगामात ३०४ भाडी. तिसरी रात्र मिळाली तर ४५६. नवी वीट न लावता उत्पन्न दीडपट! नव्या बांधकामावर अनुदान मागणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

गर्दी म्हणजे उत्पन्न नव्हे, हे गणपतीत नीट कळतं. चाकरमानी गाड्या भरभरून येतात, पण उतरतात स्वतःच्या घरी. वाणी, रिक्षावाला, फुलवाला खूश. लॉजवाला मात्र माश्या मारत बसतो. आंगणेवाडीच्या जत्रेचंही बरंचसं तसंच.

दुसरी गोष्ट ताटाची. घरगुती खानावळीत तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, घावणे, सोलकढी मागवा. नारळ परड्यातला, आमसुलं शेजारणीकडची, बांगडा सकाळच्या लिलावातला. त्या थाळीचा रुपया गावात चार हात फिरतो. स्कूबाचे सिलिंडर, कॉम्प्रेसर, होडीची इंजिनं बाहेरून येतात. ॲपवरून खोली ठरली तर दलालीही बाहेर जाते. म्हणून पाण्यावरची उलाढाल डोळ्यांत भरली तरी गावाचं पोट स्वयंपाकघरावर चालतं. आणि स्वयंपाकघर मासेमारीवर! जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते, तेव्हा ताजी सुरमई मिळणं कठीण. मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले विरुद्ध पारंपरिक मच्छीमार हा वाद पर्यटनवाल्यांना परका वाटतो. तो त्यांच्या थाळीचाच वाद आहे.

विमानाचं काय? चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. ५ जानेवारी २०२३ पासून सीमेपलीकडे गोव्यात मोपा विमानतळ सुरू झाला, तिथे उड्डाणं कितीतरी जास्त. मोपाला उतरलेला पाहुणा आधी गोव्याचा, मग जमलं तर आपला. अर्थात मोपा सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जवळच आहे. तिथून थेट मालवणला येणारी नेमाची बस असेल, तर तोच विमानतळ आपल्याही कामाचा.

जिल्ह्याने होडीची तिकिटं मोजणं पुरे करावं आणि दरमहा भरलेल्या खोल्यांचा आकडा जाहीर करावा. खोलीवाल्यांनी रविवारच्या रात्रीचं भाडं उतरवून बघावं. आणि वाचकहो, मालवणला जाल तेव्हा परतीचं तिकीट सोमवारचं काढा.